श्वानखाज: कारणे, उपचार आणि सल्लागार

कुत्र्याची खाज हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० साली तिची व्याख्या केली: जिच्यामुळे खाजवावेसे वाटते अशी नकोशी संवेदना, ती खाज. त्याला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी वैद्यकाची पुस्तके अजून हीच व्याख्या छापतात. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर व्याख्येवाचून कुणाचे अडत नाही. तिथे कुत्रा मागचा पाय उचलून कानामागे नेतो न नेतो, तोच निदान झालेले असते आणि उपचार कोणता करायचा यावरून दोन तट पडलेले असतात.

नाक्यावरच्या कुत्र्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला रस्त्यावरचा. कापडाचे तागे, सुताच्या गोण्या आणि गोदामांचा माल घेऊन निघालेले टेम्पो, रिक्षा आणि दुचाक्या एकमेकांत अडकल्या की हा वर्ग बरोबर मधली जागा पकडून बसतो आणि सावकाश खाजवतो. हॉर्नचा त्याला त्रास होत नाही, कारण हॉर्न वाजवणाराही जागचा हललेला नसतो. दुसरा वर्ग इमारतींमधला: लॅब्राडॉर, पॉमेरेनियन, पग, शिह त्झू, आणि जन्म बर्फासाठी पण भाडेकरार चौथ्या मजल्याचा असा एखादा हस्की. पहिल्या वर्गाला खाजेवरचे औषध फुकट मिळते, दुसऱ्याला विकत घ्यावे लागते. गुण दोघांनाही बेताचाच येतो.

खाजवण्याच्या क्रियेचा गाजलेला अभ्यास चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा. चेतासंस्थेवरच्या १९०६ सालच्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की कुत्र्याचा मागचा पाय खाजवू लागतो तो मेंदूची परवानगी न घेता. मेंदूशी संबंध तोडलेला मज्जारज्जूदेखील एकट्याच्या बळावर हा पाय सेकंदाला चारेक वेळा हलवू शकतो. शेरिंग्टनला पुढे १९३२ साली, इतर कामासाठी का होईना, नोबेल मिळाले. नाक्यावरचे बरेचसे सल्लेही मेंदूकडे न जाता परस्पर येतात, पण त्या विषयाकडे अजून कुणी शास्त्रज्ञ वळलेला नाही.

खाजवल्याने खाज जाते हा कुत्र्याचा आणि मालकाचा समाईक गैरसमज आहे. नखांनी कातडीचा वरचा थर फाटतो, तिथे आधीपासून गुण्यागोविंदाने नांदणारे जंतू आत शिरतात, सूज येते, आणि सुजेतून निघणाऱ्या रसायनांमुळे खाज दुपटीने येते. कुत्र्याच्या कातडीचा सर्वांत वरचा थर माणसाच्या मानाने पातळ असतो, केसांमुळे तो जाड वाटतो इतकेच. म्हणून खाजेचे मूळ कारण कधीच संपून गेलेले असते आणि खाज मात्र चालू राहते, असेही होते. डॉक्टरांना दोन्हींशी लढावे लागते. सल्लागारांना कशाशीच लढावे लागत नाही.

सल्ला व्यवसायावर अवलंबून असतो. यंत्रमागवाले म्हणतात, सुताच्या धुळीने होते. चहाच्या टपरीवर ‘अंगात उष्णता झालीय’ असे ठरते आणि उपाय म्हणून ताक सुचवले जाते. किराणावाला हळद आणि खोबरेल देतो. मेडिकलवाला माणसाचे तिहेरी मलम पुढे करतो. त्यात स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असे तिन्ही असल्याने कोणते ना कोणते लागू पडेल, असा त्यामागचा हिशेब. ‘लावून बघा भाऊ, माझ्या मेव्हण्याला दोन दिवसांत उतार पडला.’ मेव्हणा मलम चाटत नसतो, हा मुद्दा काउंटरवर निघत नाही. कुत्रा लावलेले सगळे पाच मिनिटांत पोटात घालतो, आणि चाटता चाटता खाजेची जागा आणखी ओली करून ठेवतो.

गॅरेजवाल्याचा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत घातक: जळके ऑइल. गाडीचे ऑइल बदलताना निघालेले काळे तेल लूत भरलेल्या कुत्र्याला चोपडले की तो बरा होतो, ही श्रद्धा केवळ भिवंडीची नाही, जिथे जिथे गॅरेज आहे तिथे तिथे ती आहे. या तेलात जड धातू आणि जळणातून तयार झालेली विषारी रसायने असतात. ते कातडी भाजते, आणि चाटण्यातून यकृत-मूत्रपिंडापर्यंत जाते. तरीही त्याची ख्याती टिकली, याचे कारण वैद्यकीय आहे. डेमोडेक्स नावाच्या किड्यामुळे लहान पिल्लांच्या तोंडावर किंवा पायावर रुपयाएवढे टक्कल पडते, ते बहुतेक वेळा काहीही न करता दोन-तीन महिन्यांत भरून येते. त्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी डबा घेऊन येऊन गेलेला असतो. श्रेय डब्याला जाते.

हळदीने अपाय फारसा होत नाही. पांढरा पॉमेरेनियन जेजुरीहून भंडारा उधळून आल्यासारखा दिसतो आणि घरातले सोफे त्याच्या मागोमाग पिवळे होतात, एवढेच. पिसू मात्र हळदीने मरत नाही. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालणे निरुपद्रवी असते, कडुलिंबाचे निव्वळ तेल चोपडणे तसे नसते. खोबरेलाने कोरड्या कातडीला बरे वाटते खरे, पण कातडीवरच्या यीस्टला स्निग्ध पदार्थ आवडतात, त्यामुळे बरे नेमके कुणाला वाटले हे ठरवावे लागते. पाण्यात टाकल्यावर पांढरे होणारे घरगुती जंतुनाशक हा आणखी एक लाडका उपाय. ते फरशीसाठी असते.

डॉक्टर वेगळ्या क्रमाने चालतो, आणि त्याचा क्रम कंटाळवाणा असल्याने नाक्यावर चालत नाही. पहिला नंबर पिसवांचा. ‘तुमच्या कुत्र्याला पिसवा आहेत का?’ हा प्रश्न बहुतेक मालकांना कुटुंबाच्या अब्रूवरचा वाटतो आणि उत्तर तत्काळ नकारार्थी येते. पिसवांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या अंगावर पिसू सापडलीच पाहिजे असेही नाही. ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते, थोडे चावे पुरतात, आणि हे कुत्रे अंग इतके चावून काढतात की पुरावा स्वतःच गिळून टाकतात. खाज कमरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुडाशी असेल तर संशय पहिला इथेच घ्यायचा. बारीक फणीने केस विंचरून निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती धूळ नाही. पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचवलेले रक्त. या चाचणीनंतर अब्रूचा प्रश्न उरत नाही.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण प्रजेच्या पाचेक टक्के. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, सोफ्याच्या सांध्यात, पलंगाखाली असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती अंडी केसांवरून घसरून घरभर पडतात. कोषातली पिसू महिनोन्महिने थांबू शकते. ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड किंवा पावलांची थरथर जाणवली की ती बाहेर येते. गणपतीला आठ-दहा दिवस गावी गेलेले कुटुंब परत येऊन कुलूप उघडते, तेव्हा या प्रजेची उपासमार नुकतीच संपलेली असते. त्या संध्याकाळी घरात जो खाजवायला लागतो तो कुत्राच असेल असे नाही. म्हणून एका कुत्र्याला एकदा औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना, निदान तीन महिने सलग, आणि सोबत अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुणे, असा बेत असतो. यातला ‘सलग’ हा भाग सर्वांत अवघड जातो.

गोचिडीने खाज त्या मानाने कमी येते, ताप जास्त. पण ती उपटून जिन्यात टाकायची रीत इथेच मोडून काढायला हवी. तपकिरी श्वानगोचीड घराच्या भिंतीवर चढते, फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. जिन्यात टाकलेली गोचीड शेजाऱ्यांना दिलेली भेट असते, आणि भिवंडीतले शेजारी परतफेड विसरत नाहीत.

दुसरा नंबर खरजेचा. सार्कोप्टिस नावाचा किडा कातडीत बोगदे काढतो. कानाच्या कडा, कोपर आणि घोटा या त्याच्या आवडीच्या जागा. कानाची कड बोटांत धरून हलके चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागतो; ही जुनी खूण डॉक्टर अजून वापरतात, शेरिंग्टनला स्मरून. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी किडा सापडतोच असे नाही, म्हणून संशय बळकट असेल तर सरळ औषध देऊन पाहतात. हा किडा काही काळ माणसालाही सतावतो. मग घरातले थोरले कमरेवर आणि हातांवर पुरळ घेऊन माणसांच्या डॉक्टरकडे जातात, धाकटे कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या रुग्णाचा पत्ता नसतो. कुत्रा बरा झाला की माणसाचे पुरळ बहुधा मागोमाग जाते. तोवर माणसाच्या मलमावर खर्च झालेला असतो.

पिसवा, गोचिडी आणि हे दोन्ही किडे मारणाऱ्या नव्या गोळ्या आल्या, तेव्हापासून डॉक्टरांचे काम हलके झाले. अफॉक्सोलॅनर महिनाभर टिकते, फ्लुरालॅनर बाराएक आठवडे. झटके येणाऱ्या कुत्र्याला त्या देण्याआधी विचार करावा लागतो. त्याआधीचा हुकमी एक्का म्हणजे आयव्हरमेक्टिन. ते ज्या शोधातून आले त्याचा धागा जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपर्यंत जातो, आणि २०१५ सालचे नोबेल त्याच शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना मिळाले. गुरांसाठीची त्याची बाटली आणून अंदाजाने टोचणारे हौशी मात्र अजून सापडतात. कोली जातीच्या आणि तिच्या नात्यातल्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातला बिघाड असतो, त्यामुळे हे औषध मेंदूत शिरून जिवावर बेतते.

तिसरा नंबर वासाचा. कुत्र्याच्या कानातून, बगलेतून आंबूस-खवट वास येतो, कातडी काळी आणि जाड पडते, हात लावला तर चिकट लागते. हे काम मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचे. पुळ्या आणि खपल्या असतील तर सोबत स्टॅफिलोकॉकस जिवाणूही असतो. भिवंडीचा दमट पावसाळा दोघांनाही मानवतो. यावर क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू चांगला चालतो, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. बाटलीवर एक अट बारीक अक्षरांत लिहिलेली असते: फेस अंगावर दहा मिनिटे राहू द्यावा. ज्याने ही सूचना लिहिली त्याने तीन बाय चारच्या न्हाणीघरात, एका बादलीच्या बळावर, तीस किलोचा लॅब्राडॉर दहा मिनिटे उभा केला असेल असे वाटत नाही. प्रत्यक्षात चौथ्या मिनिटाला कुत्रा अंग झाडतो आणि शाम्पू भिंती, छत आणि मालक यांच्यावर समान वाटला जातो. त्यावर एकच उतारा: फेस आधी पोटाला आणि पायांना लावावा, पाठीला शेवटी, आणि घड्याळ आंघोळ घालणाऱ्याच्या नजरेआड ठेवावे. माणसाचा साबण मात्र वापरू नये. माणसाची कातडी कुत्र्याच्या मानाने जास्त आम्लधर्मी असते आणि तिच्या मापाचा साबण कुत्र्याला कोरडे करतो.

एवढे सगळे करूनही खाज उरली की संशय अन्नावर जातो, आणि इथून विषय कौटुंबिक होतो. अन्नाची ॲलर्जी मुख्यतः प्रथिनांची असते. म्युलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो यांनी २०१६ साली आधीचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दूध आणि दुधाचे पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी आणि १३ टक्क्यांना गहू बाधला होता. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्वचाशास्त्राच्या दृष्टीने महाराजांवर ठपका येत नाही, कारण तूप जवळजवळ निव्वळ स्निग्ध आणि त्यात प्रथिन नावापुरते. संशय घ्यायचाच तर पोळीवर घ्यावा.

अन्नाची ॲलर्जी ओळखण्याची खात्रीची रीत एकच. कुत्र्याने आजवर न खाल्लेले प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास खाद्य, किमान आठ आठवडे द्यायचे. त्याशिवाय काही म्हणजे काही नाही. मग जुने अन्न पुन्हा द्यायचे, आणि साधारण दोन आठवड्यांत खाज परतली तर गुन्हा शाबीत. रक्ताची, केसांची किंवा लाळेची तपासणी करून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या मिळतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. केस आणि लाळेच्या चाचण्यांनी तर धडधाकट कुत्र्यांनाही ॲलर्जी ठरवल्याचे तपासात दिसले आहे.

आठ आठवडे एकच अन्न ही गोष्ट विज्ञानाला सोपी, पण एकत्र कुटुंबाला अशक्य. पहिल्या आठवड्यात सगळे शपथबद्ध असतात. दुसऱ्या आठवड्यात आजीला कुत्रा ‘वाळलेला’ दिसू लागतो. ‘एवढंसं बिस्कीट, त्यानं काय होतंय रे,’ म्हणून ती चहात बुडवलेले बिस्कीट सरकवते. त्यात गहू आणि दूध दोन्ही. धाकटा मुलगा नावडती भाजी टेबलाखाली पोहोचवतो, सोबत कोंबडीचा तुकडा चुकून जातो. वॉचमन रात्रीची अर्धी चपाती देतो, कारण कुत्रा त्याच्याकडे उपाशी पाहतो. कुत्रा सर्वांकडेच तसे पाहतो. चव लावलेली जंताची गोळी हिशेबात कुणी धरत नाही. सहाव्या आठवड्यात मालक डॉक्टरांना सांगतो, ‘साहेब, काटेकोर पाळलं सगळं, काही फरक नाही.’ डॉक्टर यावर हसत नाहीत. हे त्यांच्या शिक्षणात येत असावे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला १८८६ सालापासून आहे; एवढ्या वर्षांत आजीचे बिस्कीट अनेकदा समोर आले असणार.

अन्नही निर्दोष सुटले की उरते ती ॲटोपी, म्हणजे परिसरातल्या कणांची, आनुवंशिक कल असलेली ॲलर्जी. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रिव्हर आणि पग या जातींत जास्त आढळते. पंजे, तोंड, कान, बगला आणि पोट या तिच्या जागा. कुत्रा तासन्‌तास पंजे चाटतो. घरचे म्हणतात, किती स्वच्छ आहे. पांढऱ्या केसांना लाळेने तांबूस रंग येतो, घरचे म्हणतात, मेंदीसारखा दिसतो. यातला मोठा गुन्हेगार घरातल्या धुळीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा किडा, जो गाद्या आणि उशांमध्ये माणसाच्या गळलेल्या कातडीवर जगतो. यंत्रमागवाल्याचा धुळीवरचा संशय म्हणूनच अगदी फुकट जात नाही, फक्त धूळ कारखान्यातली नसून बेडरूममधली निघते.

ॲटोपी बरी होत नाही, आटोक्यात राहते. हे वाक्य मालकाला पटवण्यात डॉक्टरांची शक्ती औषधांपेक्षा जास्त खर्च होते. प्रेडनिसोलोन स्वस्त आणि झटपट, पण त्याने तहान, भूक आणि लघवी वाढते. लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या चौथ्या मजल्याचा मालक हा दुष्परिणाम रात्री दोन वाजता स्वतःच्या गुडघ्यांत अनुभवतो. अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळालेले ऑक्लासिटिनिब काही तासांत खाज उतरवते, मात्र वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत. सायक्लोस्पोरिनला गुण दाखवायला चार-सहा आठवडे लागतात. अँटिहिस्टामिन गोळ्या माणसाला उपयोगी म्हणून कुत्र्याला देतात, पण तिथे त्यांचा जोर फार कमी. ॲलर्जीच्या द्रव्याचे वाढत्या मात्रेचे इंजेक्शन देत शरीराला सवय लावणे हा एकमेव मुळाशी जाणारा उपाय. त्याला वर्षभर थांबावे लागते आणि तरी सर्वांना गुण येत नाही. शाम्पू, पिसवांची गोळी, कान पुसणे हे सगळे यासोबत चालूच.

उतार पडला की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टर खाजेला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतात. वडील दोन देतात, कारण फी त्यांनी भरलेली असते. आई आठ देते, कारण कुत्रा रात्री तिच्या पलंगाखाली खाजवतो आणि पलंग हलतो. म्हणून गुण देण्याचे काम घरातल्या एकाच माणसाने, ठरलेल्या वारी करावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आठवरून तीनवर आलेला कुत्रा हे यश आहे. शून्यावर तर निरोगी कुत्राही क्वचित असतो, कारण खाजवणे त्याला आवडते.

सगळ्या औषधांची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते आणि वजन नेहमी अंदाजाने सांगितले जाते. गोदामांच्या या गावात वजनकाट्यांना तोटा नाही, पण ते ट्रकचे. घरच्या काट्यावर आधी एकट्याने उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करून आकडा डॉक्टरांना कळवावा. लॅब्राडॉर असेल तर दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी. घरात मांजर असेल तर कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन असलेले पिसवांचे औषध तिच्या आसपासही नेऊ नये. मांजरासाठी ते जीवघेणे ठरते.